कसा आवाज, सांग गो

दिवाळ्याच्या जेट्टीवर भरती चढायला लागलेली,
उरल्यासुरल्या चिखलात निवट्या उड्या मारतात,
आणि टिपणीस साहेबांची पांढरी फायबरची बोट
दोरी ताणून खोकत उभी.

"इंजेक्टर गेलाय," टिपणीस म्हणतात.
"इंजिन उतरवावं लागेल ना, हसुराम?"
सीवूड्सहून येताना वही आणलीय,
वहीत लाल पेनानं काढलेली आकृती.

बापूस आकृतीकडं बघून मान हलवतो.
त्याला ऐकू काही आलेलं नाही.
तीस वर्षं डिझेलच्या शेजारी बसून
डावा कान पुरता गेला, उजव्यात दिवसभर
एक रातकिडा.

म्हणून मी.
"कसा आवाज, सांग गो."

मी म्हणते, खडखड.
तो चिडतो. "खडखड तं भंगारवाल्याची गाडी पन करते.
नीट सांग. कोरडा का ओला?
कवा येतंय, कवा जातंय?
भांडं भांड्याला लागल्यावानी, का दार चौकटीला?"

शाळेत मला इतकं कुणी विचारलं नव्हतं.
मराठीच्या बाई फळ्यावर लिहायच्या, गाळलेल्या जागा भरा:
पानांची सळसळ, पैंजणांची छुमछुम.
एक्झॉस्टची जागा कुणी गाळलीच नव्हती.

मी मागं जाऊन पालथी पडते,
गाल फळीला, तोंड पाण्याजवळ, डोळ्यांत धूर.
भक्.
भक्.
रिकाम्या पिंपात तोंड घालून कुणी बोलावं, तसा पोकळ.
"कोरडा," मी ओरडते.
"थुकत नाय?"
"थुकत नाही."
बापूस रबरी नळीला हात लावतो, झटकन काढतो.
"बंद कर. आधी बंद कर."

गाळणीत दुधाची पिशवी, अर्ध्या लिटरची,
घडी घालून ठेवल्यासारखी.
टिपणीस हसतात, सुटलो म्हणतात.
बापूस पंपाचं झाकण उघडतो,
रबराचं चक्र तळहातावर घेऊन मोजतो.
सहा पाकळ्या असतात. चार आहेत.
"दोन कुठं गेल्या?"
त्या दोन शोधण्यात दुपार गेली.
एक कूलरच्या तोंडाशीच होती.
दुसरी आत रुतलेली, वाकड्या तारेनं ओढून काढली,
तोवर डब्यातल्या भाकऱ्या कडक झाल्या.

नवं चक्र. चालू केलं.
आता भळ्, फस्स, भळ्,
गरम पाणी खाडीत.
टिपणिसांनी पाकीट काढलं.
मी अजून पालथीच.

"आणखी एक आहे. खाली. बारीक."
"कसा?"
टकटक नव्हे, टकटक पाहुणा करतो.
ठकठक सुताराची.
हा दोनदा पटकन, मग नाहीच, मग एकदा.
"पिठाच्या डब्याचं सैल झाकण," मी म्हटलं,
"आणि कुणीतरी बोटानं चाळा करत बसलंय.
वेग वाढवला की गप्प."

बापसानं स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली,
टोक इंजिनावर टेकवलं.
कान गेल्यापासून तो हाडानं ऐकतो.
इथं नाही.
गिअरबॉक्सवर नाही, इंजिनाच्या पायांवर नाही.
मग इंजिन बंद करवून कमरेएवढ्या पाण्यात उतरला,
एक्झॉस्टच्या तोंडात दोन बोटं घातली.

"झडप हाय. बिजागरी खाल्लीय खाऱ्या पान्यानं.
धूर जोरात आसला का उघडी ऱ्हाते,
मंद झाला का लाट येऊन आपटते."

"मग इंजेक्टर?" टिपणिसांनी वही उघडून विचारलं.
मी बापसाच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं.
"त्याला काय झालंय? बरा हाय तो."

झडप लागेपर्यंत ओहोटी सुरू झाली,
टिपणिसांना निघायची घाई.
इंजिन मंद ठेवून बापूस माझ्याकडं बघतो,
ओठांकडं.
"आता कसा?"
"आता काही नाही."
"काय नाय म्हंजे कसा?"

मी पुन्हा पालथी पडते.